पैलवानाचा डबा

"डॉक्टर, तुमचा काटा बिघडलाय."

हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की बर्गे डॉक्टरांनी खरोखरच खाली वाकून काट्याच्या पायांत काही अडकलंय का ते पाहिलं. काट्यावर आमचा पैलवान उभा होता. उभा म्हणजे पुढच्या दोन पायांवर. मागचे दोन त्यानं पसरून दिले होते, जणू ते त्याचे नव्हतेच. समोरचा आकडा पंधरा किलो आठशे.

"काटा गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय, मॅडम."

"मग बॅटरी उतरली असेल. परवा रविवारी मी स्वतः याचं घरी वजन केलंय. बरोब्बर दहा भरलं. दोन दिवसांत पावणेसहा किलो कसं वाढेल?"

बर्गे डॉक्टर वाद घालणारे नव्हते. त्यांनी पैलवानाला अलगद उचलून टेबलावर ठेवलं, कोपऱ्यातलं कुत्र्यांच्या खाण्याचं दहा किलोचं न फोडलेलं पोतं ओढत आणलं आणि काट्यावर आडवं टाकलं. दहा किलो शंभर.

"वरचे शंभर ग्रॅम पोत्याचे," ते म्हणाले.

मी मान हलवली. पण मनातून मला अजूनही काट्याचाच संशय येत होता. आकड्यांच्या बाबतीत चूक माझी असेल, असं मला तेव्हा कधी वाटतच नसे.

याला आता बारा वर्षं होतील. मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ आहे आणि तेव्हा माझं क्लिनिक सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. लोकांची वजनं उतरवणं हा माझा धंदा. समोर बसलेली बाई 'मी काहीच खात नाही हो' म्हणाली की मी तिच्याकडे बघायचेही नाही, काट्याकडे बोट दाखवायचे. काटा खोटं बोलत नाही, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन.

घरी मी, माझे वडील आणि पैलवान. वडिलांना मी अण्णा म्हणायची. मुरलीधर खटावकर म्हणजे एका निवासी शाळेत बावीस वर्षं गणिताचे मास्तर आणि वसतिगृहाचे रेक्टर. 'पानात टाकायचं नाही' हा त्यांचा एकमेव धर्म. जेवण झालं की मुलांनी ताटं धुवायला नळावर जायचं आणि नळाच्या अलीकडे अण्णा उभे. ताटात भाताचं शीत दिसलं तरी ते पोर परत पंगतीत जायचं. मुलांनी त्यांचं नाव 'जकात नाका' ठेवलं होतं आणि अण्णांना ते ठाऊक होतं. घरीही तेच. आई गेली त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिला होता, तोही त्यांनी डोळे पुसत पुसत संपवला आणि मला संपवायला लावला.

आई दोन वर्षं आजारी होती. त्या दोन वर्षांत मी पुण्याची नोकरी सोडली, ठरलेलं लग्न पुढे ढकलता ढकलता मोडलं आणि माझं स्वतःचं वजन अकरा किलोंनी वाढलं. तिच्यामागे राहिला पैलवान. लांबलचक पाठीचा, बोटभर पायांचा डॅशहुंड. पिल्लू असताना वाटीत तोंड घातलं की वाटीच पुढे ढकलत नेई, म्हणून अण्णांनीच त्याला हे नाव दिलं होतं. आई गेल्यावर अण्णा दिवसभर बोलायचे ते त्याच्याशी.

दिवाळी संपली आणि पैलवान जिना चढेनासा झाला. मागचे पाय एकमेकांत अडकायचे. तेव्हा बर्गे डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला याच काट्यावर घेतलं होतं. चौदा किलो दोनशे.

"पाठीचा मणका दाबला गेलाय," ते म्हणाले होते. "या जातीची पाठ लांब, त्यावर हे ओझं. औषध देतो, पण खरं औषध एकच. दहा आठवड्यांत चार किलो उतरवा. उतरलं तर पाय वाचतील. नाही उतरलं तर मागचा अर्धा भाग जाईल आणि मग तो फरफटत फिरेल. स्पष्ट सांगतो."

घरी येताना रिक्षात अण्णा एवढंच म्हणाले, "वैजू, तू आहेस म्हणून बरं."

हे ऐकून मी किती फुशारले ते काय सांगू! कुत्रं असो नाहीतर कलेक्टर, वजन उतरवणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

नुसतं खाणं तोडलं तर पैलवान घर डोक्यावर घेणार हे उघड होतं. माझी एक पेशंट मुंबईहून दोन खेळणी घेऊन आली. जाड रबराची, आतून पोकळ, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या तोंडाची. त्यात खाणं ठासून भरायचं, फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि कुत्र्यापुढे टाकायचं. तो तासभर चाटत बसतो, पोट भरल्यासारखं वाटतं आणि पोटात जातं थोडंसंच. तिनं चुकून थोरल्या कुत्र्यांच्या मापाची आणली होती, पण मला ते पथ्यावरच पडलं. जागा जास्त म्हणजे भाजी जास्त. अण्णांनी त्यांना नाव दिलं 'डबा'. एक दुपारी बाराचा, एक चारचा.

त्या डब्यांसाठी मी जेवढं डोकं चालवलं तेवढं मंत्र्यासंत्र्यांच्या आहारतक्त्यासाठीही चालवलं नव्हतं. पैलवानाला काय चालतं ते पाहण्यात पहिला आठवडा गेला. दुधी त्यानं हुंगून सोडून दिला. उकडलेली फरसबी नुसती दिली तर थुंकायचा, पण साय काढलेल्या दह्याच्या चक्क्यात कालवली की डबा पुसून पुसून लख्ख. लाल भोपळा तर त्याचा जीव की प्राण. किसलेलं गाजर, बिया काढलेलं सफरचंद, काकडी, चमचाभर उकडलेल्या कोंबडीचं पाणी, नुसत्या वासापुरतं. कांदा आणि बेदाणे कुत्र्याला विष, हे डॉक्टरांनी बजावलं होतं, ते मी मोठ्या अक्षरांत फ्रीजवर लावलं. अख्ख्या डब्याच्या कॅलरी एका मारी बिस्किटाइतक्या. मी पेशंटांना सुद्धा हा किस्सा सांगू लागले. एक बाई म्हणाली, "मला पण असाच डबा द्या की, मॅडम."

सकाळी मी भाज्या उकडून, मिसळून डब्बीत काढून ठेवायची. आमचा स्वयंपाकही उरकायची आणि अण्णांच्या दोन भाकऱ्या, भाजी, आमटी-भात झाकून नऊला क्लिनिकला निघायची. रबरी डबे भरायचं काम अण्णांचं. मी रात्री घरी यायची तोवर ते जेवून घेतलेले असत.

आणि दर रविवारी सकाळी वजन. पैलवान घरच्या काट्यावर एकटा उभा राहायचा नाही, सारखा उतरायचा आणि बर्गे डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं तर भीतीनं उड्या मारून पाठ आणखी दुखावून घ्यायचा. "घरीच करा," ते म्हणाले. "कोणीतरी उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्या माणसाचं वजन वजा करायचं."

आमच्या घरी उचलून घेणारे अण्णा. मी घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी आहारतज्ज्ञ असून माझं वजन मी कोणासमोर करत नसे. वडिलांसमोरही नाही. पहिल्या दिवशी अण्णा एकटे उभे राहिले, अडुसष्ट. मग पैलवानाला घेऊन, ब्याऐंशी किलो दोनशे. वजाबाकी अगदी डॉक्टरांच्या काट्याला जुळली. मी कॅलेंडरवर लिहून टाकलं: अण्णा ६८.

दर रविवारी आकडा उतरत गेला. एक्याऐंशी चारशे. ऐंशी नऊशे. ऐंशी. मी अडुसष्ट वजा करायची आणि कॅलेंडरच्या चौकोनात पैलवानाचं वजन लिहायची. तेरा चारशे. बारा नऊशे. बारा. हॉलभर टाळ्या वाजवत फिरायची. अण्णा हसायचे. थंडी पडली होती, ते स्वेटर, मफलर आणि वर शाल घेऊन बसलेले असत. त्यांनी दाढीही वाढवली होती. "ऋषी दिसता अगदी," मी म्हटलं होतं.

पैलवानाचं पोट मात्र फरशीला लागायचं. त्याचंही कारण माझ्याकडे तयार होतं. चरबी झपाट्यानं उतरली की कातडं लोंबतं. हे मी अण्णांना समजावूनही सांगितलं. ते म्हणाले, "असेल. तू म्हणतेस तर असेल."

दहाव्या रविवारी अण्णांना पैलवान उचलवेना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा उचलला, पण काट्यावरचा आकडा नाचत राहिला.

"स्थिर उभे राहा ना, अण्णा! आकडा हलतोय."

"राहतो, राहतो. लवकर बघ."

अठ्ठ्याहत्तर. मी अक्षरशः किंचाळले. "दहा! अण्णा, बरोब्बर दहा! जिंकलो आपण!"

अण्णांनी पैलवानाला खाली ठेवलं आणि ते तिथंच भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, आनंदानं.

हे सगळं मी त्या मंगळवारी बर्गे डॉक्टरांना सांगितलं. भोपळ्यापासून चक्क्यापर्यंत सगळं. ते पैलवानाच्या मागच्या पायाच्या बोटांना चिमटे काढून बघत होते. पैलवान मान वळवून पाहतही नव्हता.

"पाय गेलेत का?" मी विचारलं.

"अगदी गेले नाहीत, पण जाताहेत. वजन वाढलंय, मॅडम. दीड किलोच्या वर. या डब्याशिवाय कुठूनतरी खातोय तो, आणि चांगलं चमचमीत खातोय."

"शक्यच नाही. घरी फक्त माझे वडील असतात. शिस्तीत त्यांचा हात कोणी धरणार नाही."

"मग घरी दहा कसं भरलं? कसं करता वजन?"

"तुम्हीच सांगितलंत तसं. वडील उचलून घेतात. त्यांचं वजन वजा करते."

"दर वेळी त्यांचं वजन वेगळं घेता ना?"

"ते कशाला? अडुसष्ट आहेत ते. माणसाचं वजन काय दर आठवड्याला..."

वाक्य तिथंच तुटलं. डॉक्टरही हातातलं सोडून माझ्याकडे बघायला लागले. तोंडी हिशेब त्यांनी माझ्या आधी केला असावा, पण ते बोलले नाहीत. मला तो करावाच लागला. अठ्ठ्याहत्तरातून पंधरा किलो आठशे. बासष्ट किलो दोनशे.

ते दहा आठवडे मी पैलवानाचं वजन करत नव्हतेच. अण्णा उतरत होते आणि मी टाळ्या वाजवत होते.

"मॅडम, बसा जरा. पाणी घ्या," डॉक्टर म्हणाले.

मी बसले नाही. पैलवानाला टॉवेलात गुंडाळलं आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. पैसे दिले की नाही तेही मला आठवत नाही. वाटेत मी एकसारखं स्वतःला समजावत होते. म्हातारपणी वजन उतरतंच. थंडीत भूक कमी होते. शुगरची गोळी बदलली असेल. माझ्यासमोर कोणी पेशंट हे बोलला असता तर मी त्याला काट्याकडे बोट दाखवलं असतं.

दुपारचे साडेबारा झाले होते. मी या वेळी कधी घरी येत नसे. दार लोटलेलं होतं.

अण्णा स्वयंपाकघरात टेबलाशी पाठमोरे बसले होते. शाल खुर्चीवर टाकलेली होती. स्वेटरही नव्हता, नुसता सदरा. किती दिवसांनी मी त्यांची पाठ पाहत होते, कोण जाणे. सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसत होती.

त्यांच्यापुढे त्यांचं ताट होतं, मी सकाळी वाढून झाकून ठेवलेलं. भाकरी आमटीत कुस्करलेली होती आणि तिचे लहान लहान गोळे करून ते रबरी डब्यात भरत होते. चमच्याच्या दांड्यानं दाबून, ठासून, नीटनेटकं. डबा गळ्यापर्यंत भरला तेव्हा त्यांनी माझी भोपळ्याची डब्बी ओढली आणि वर एक थर लिंपला. वरून पाहणाऱ्याला फक्त केशरी भोपळा दिसावा.

"अण्णा."

ते दचकले. डबा हातातून निसटला आणि टेबलावर आडवा झाला.

"तू आत्ता कशी?" त्यांनी विचारलं आणि मग माझ्या हातातल्या पैलवानाकडे पाहिलं. "काय म्हणाले बर्गे?"

माझा स्वभाव फार वाईट. घाबरले की मला राग येतो. दवाखान्यात जे समजलं होतं ते क्षणभर कुठल्या कुठे गेलं आणि मी ओरडले, "काय म्हणाले? पाय चाललेत त्याचे! तुमच्यामुळे! मी मर मर मरून भाज्या उकडतेय आणि तुम्ही खाली भाकरी भरताय? त्याला आयुष्यभर फरफटत बघायचंय का तुम्हाला?"

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. लगेच. जणू हे वाक्य कधीचं तयार होतं. "लाड झाले. यापुढे नाही व्हायचं."

मी पैलवानाला खाली ठेवलं. ताटाच्या कडेला कांद्याच्या उभ्या फोडी वेचून ठेवलेल्या दिसल्या. आमटीतली एकेक फोड बोटानं पुसून बाजूला काढलेली.

"हा कांदा कशाला काढलाय?"

"त्याला चालत नाही ना. तू लिहिलंयस फ्रीजवर."

"मग याचं काय करता?"

"तेवढा मी गिळतो पाण्याबरोबर. जातो कसातरी."

तो 'कसातरी' ऐकला आणि माझा राग गेला. जागच्या जागी गेला. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"अण्णा, माझ्यासमोर एक घास खा. भाकरीचा."

"मला भूक नाही आत्ता."

"एकच."

मग त्यांनी बोटभर तुकडा तोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. पुष्कळ वेळ चावला. मान पुढे काढून गिळायला गेले आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. एक हात छातीवर, दुसऱ्यानं टेबलाची कड धरलेली. मी उठेपर्यंत तो घास परत आला होता. त्यांनी तो रुमालात घेतला, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवला. ही सगळी हालचाल सरावाची होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पातळ जातं अजून. चहा जातो, ताक जातं, आमटीचं पाणी जातं. तू उगीच..."

"मला सांगायचं नाही?"

"आईचं दोन वर्षं केलंस, वैजू. त्यात तुझं काय काय गेलं ते मी पाहिलंय. आता कुठं क्लिनिक चालायला लागलं. म्हटलं, निदान हे एक वर्ष नीट जाऊ दे तिचं."

"मग टाकून द्यायचं होतं ना अन्न! गाईला घालायचं, गटारात टाकायचं! त्या मुक्या जिवाला कशाला?"

अण्णांनी मान हलवली. "नाही टाकवलं. दोन-चारदा केराच्या डब्यापाशी जाऊन उभा राहिलो. बावीस वर्षं पोरांना ताट घेऊन परत पाठवलं मी. त्यातल्या काहींना खरंच जात नसेल, बरं नसेल, हे तेव्हा कळलं नाही मला. आता हात वर होत नाही. आणि नुसतं झाकून ठेवलं तर रात्री तू विचारणार, भाकरी का उरली?"

हे खरं होतं. मी घरी आल्या आल्या दुरडी उघडून बघायची. भाकऱ्या संपलेल्या दिसल्या की निर्धास्त व्हायची.

"पण दर रविवारी तुम्ही काट्यावर उभे राहत होतात," मी म्हणाले. "मी तोंडावर तेरा, बारा, अकरा ओरडत होते. तुम्हाला कळत नव्हतं?"

अण्णांनी टेबलावरचा आडवा झालेला डबा उभा केला.

"गणिताचा मास्तर मी. दुसऱ्याच रविवारी कळलं, तुझी वजाबाकी चुकतेय."

"मग बोलला का नाहीत? पैलवानासाठी तरी!"

"बोललो असतो तर तू मला एकट्याला काट्यावर उभं केलं असतंस."

पैलवान पुढच्या पायांनी स्वतःला ओढत टेबलाखाली आला होता आणि वर बघून शेपटी हलवत होता. बाराचा डबा अजून मिळाला नव्हता ना त्याला.

पैलवानाचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. त्या दिवसानंतर त्याच्या डब्यात भाजीखाली काहीच नव्हतं. पाच महिन्यांत तो खरोखर साडेदहावर आला, बर्गे डॉक्टरांच्या काट्यावर. मागचा डावा पाय गेला, उजवा राहिला. तीन पायांवर तो आणखी सहा वर्षं जगला. अण्णा जगले सात महिने. त्यातले शेवटचे चार त्यांच्या पोटात सगळं नळीनं जायचं, आणि ते मिश्रण मी मोजून मापून करायची. कॅलरी वाढवता येतील तेवढ्या वाढवून.

पण मला हे सांगायचं नव्हतं. त्या मंगळवारनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो, त्यातली पाच मिनिटं सांगायची होती. ती मी आजवर कोणाला सांगितली नाहीत.

फॉर्म अण्णांनीच भरला. आत एक तरुण डॉक्टर होते, बाहेर रांग लागलेली, त्यामुळे घाईत. त्यांनी अण्णांना तपासलं, गळ्याखाली बोटं फिरवली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली.

"गिळायला त्रास कधीपासून, आजोबा?"

"दिवाळीपासून. चकलीचा तुकडा अडकला होता."

मला एकदम आठवलं. भाऊबीजेची दुपार. अण्णांना ठसका लागला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत हसत म्हणाले होते, सावकाश खा, तळलेलं जास्त झालं की असंच होतं.

"दिवाळी? म्हणजे तीन महिने होत आले," डॉक्टर लिहायचे थांबले. "वजन किती उतरलं?"

"सहा किलो. दोनशे ग्रॅम कमी."

"एवढं नेमकं ठाऊक आहे?" डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. मग त्यांचा आवाज चढला. "आणि मग इतके दिवस घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही? माणूस जेवत नाहीये, डोळ्यांदेखत वाळतोय, आणि घरची माणसं करत काय होती? कोण असतं तुमच्या घरी?"

मी तोंड उघडलं. मी असते. मी त्यांची मुलगी. मी आहारतज्ज्ञ आहे. शब्द जिभेवर होते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"घरी मी एकटाच असतो हो," ते शांतपणे म्हणाले. "मुलगी आहे, पण ती लांब असते. तिला यातलं काही ठाऊक नाही."

"आणि या?"

"या आमच्या शेजारच्या. सोबतीला आल्यात बिचाऱ्या."

उभ्या आयुष्यात मी अण्णांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्या पोराला ते उन्हात उभं करत. डॉक्टरांनी एक सुस्कारा टाकला, कागदावर तीन-चार तपासण्या लिहिल्या आणि तो कागद अण्णांकडे न देता माझ्याकडे दिला.

"हे लगेच करून घ्यायला सांगा. आणि त्यांच्या मुलीला आजच्या आज कळवा. वेळ फार नाहीये."

अण्णा सदऱ्याची बटणं लावत होते. मी तो कागद घेतला.

"कळवते," मी म्हणाले.